चविष्टराव

कार्यक्रमाचं नाव होतं ‘आता बोला!’. दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता तो लागायचा आणि कॉलेजातल्या पोरापोरींना शुक्रवारी सकाळी तोंडपाठ असायचा. त्या वयात बातम्या कोण बघतो? पण पेपर फुटला, पूल खचला, कुणी मंत्री काहीतरी बरळला, की ‘आता बोला!’ त्याची टर उडवायचा आणि मुलांना हसता हसता आठवड्याची बातमी कळायची. आईबापही म्हणायचे, चला, निदान या निमित्ताने तरी जगात काय चाललंय ते पोरांच्या कानावर पडतंय.

पडद्यावर दिसायचा तो निवेदक. गोरागोमटा, भुवई उडवण्यात पटाईत. पण त्याच्या तोंडचा शब्द न् शब्द लिहायची ती आतल्या खोलीत बसणारी चौतीस वर्षांची एक सडपातळ बाई. अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली, म्हणून सगळं ऑफिस तिला पेन्सिलच म्हणायचं. घरी ती आणि तिचे वडील, अप्पा, अशी दोघंच. अप्पांनी उभी हयात एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवली होती. आता गुरुवारी सात वाजता ते टीव्हीचा आवाज मुद्दाम मोठा ठेवायचे, शेजारच्यांना ऐकू जावा म्हणून.

‘चविष्टराव’ हे नाव पेन्सिलनेच पाडलं होतं.

त्याचं असं झालं. शहराच्या पूर्व भागातल्या गल्ल्यांमध्ये नळाला गढूळ पाणी येत होतं. ओरड झाली तेव्हा पाणीखात्याने पत्रकार परिषद घेतली. तिथे एक पन्नाशीचा अभियंता बोलायला उभा राहिला. डोक्यावर चार केस, शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावलेली. दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या मोबाईलवर त्याची सहा सेकंदांची फीत फिरू लागली: “पाणी दिसायला गढूळ आहे, चवीला ठीक आहे.”

एवढंच. सहा सेकंद. पेन्सिलने ते पाहिलं आणि ती खुर्चीतच उडाली. इतकं तयार ताट कुणी वाढतं का? त्या गुरुवारी निवेदकाने गळ्याला रुमाल बांधला, काचेच्या पेल्यात चिखल घेतला, चमच्याने ढवळला आणि डोळे मिटून म्हणाला, “वा! चविष्टराव, मीठ जरा कमी पडलंय.” स्टुडिओतली मुलं बाकांवरून घसरायची बाकी राहिली. रात्रीपर्यंत ‘चविष्टराव’ सगळीकडे झाला. अप्पांनी फोन करून तिला सांगितलं, “वरच्या मजल्यावरचे काका तीनदा हसले गं. तीनदा!”

पुढच्या गुरुवारी दुपारी दीडला पेन्सिल नेहमीसारखी प्रेक्षकांच्या खोलीत गेली. चित्रीकरण तीनला. त्याआधी पास घेऊन आलेली सव्वाशे मुलं तिथे बसलेली असायची. दारातल्या टेबलावर सगळ्यांचे मोबाईल जमा. पेन्सिल दोनचार किस्से सांगून बघायची आणि कोण मोठ्याने हसतं ते हेरून त्यांना पुढच्या रांगेत बसवायची. चित्रीकरणाआधी मंचावर जाऊन दहा मिनिटं सगळ्यांना हसवून तापवायचं कामही तिचंच.

त्या दिवशी तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसली होती. असेल एकोणीसची. सगळे हसले, ही हसली नाही. मांडीवर पास, पासवर दोन्ही हात.

“काय गं,” पेन्सिल म्हणाली, “कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच कंटाळलीस?”

“नाही. मी एकही भाग चुकवत नाही.” मुलगी उठून उभी राहिली. “हा पास दोन महिन्यांपूर्वीच मिळाला होता. फॉर्म बाबांनी भरला होता, माझ्यासाठी. तुम्हीच लिहिता ना सगळं? कार्यक्रमाच्या शेवटी नाव येतं तुमचं.”

“हो. मीच.”

“मी चविष्टरावांची मुलगी.”

पेन्सिलच्या ओठांवरचं हसू जागच्या जागी राहिलं. तिने मुलीला दंडाला धरून बाहेर, जिन्याखालच्या मोकळ्या जागेत नेलं. तिला वाटलं, आता पोरगी रडेल, शिव्या देईल. त्याची तिने मनातल्या मनात तयारीही केली. पण मुलगी रडली नाही.

“आम्ही सगळ्यांनी एकत्र बघितला तो भाग,” ती म्हणाली. “बाबा आधी हसले. मी हसले म्हणून हसले असतील. मग त्यांनी मला विचारलं, ‘पुढचं कुठे गेलं?’”

“पुढचं म्हणजे?”

“ते पुढे बोलले होते. मला वरून असं सांगायला सांगितलंय, पण मी सांगणार नाही, असं म्हणाले होते. तिकडे मैलापाण्याची वाहिनी फुटलीये. ते पाणी नळात शिरतंय. पिऊ नका, असं सांगायलाच ते उभे राहिले होते. पण तोवर बाकीचे कॅमेरेवाले सामान आवरत होते. मग साहेबांनी माइक काढून घेतला आणि सांगितलं की यांचा गैरसमज झालाय, दुरुस्ती झालीये. दुसऱ्या दिवशी कुणीतरी मोबाईलवर घेतलेले तेवढेच सहा सेकंद आले. मग तुमचा कार्यक्रम झाला. आणि शुक्रवारी खात्याने बाबांना निलंबित केलं. खात्याचं हसं केलं म्हणून.”

वर कुणीतरी जिना उतरत होतं. तो माणूस पुढे निघून गेला.

“बाबा रोज तिकडे जातात,” मुलगी म्हणाली. “पिशवीत तपासणीच्या बाटल्या घेऊन. दारोदार सांगतात, पिऊ नका म्हणून. लोक म्हणतात, आले चविष्टराव. परवा पोरांनी पेला पुढे केला, म्हणे चव सांगा. बाबांनी ओतून दिला, तर वरून बादली उपडी केली अंगावर. त्याचंही शूटिंग केलंय. सरकारी दवाखान्यात सत्तावीस जण आहेत आता. डॉक्टर म्हणतात, बाहेरचं खाल्लं असेल. आताही ते तिकडेच आहेत. सकाळपासून.”

“मी काय करू?” पेन्सिलने विचारलं. विचारताना तिलाच लाज वाटली.

“तुम्ही सांगा ना. आज. बाबांचं त्यांना खरं वाटत नाही. तुमचं वाटतं.”

*

संकलकाला सगळे कात्री म्हणायचे. जाड, शांत, दिवसभर अंधाऱ्या खोलीत पडद्यांसमोर बसलेला माणूस. पेन्सिल धापा टाकत आत शिरली.

“पाणीखात्याच्या परिषदेला आपला कॅमेरा होता?”

“होता. आपलाच शेवटपर्यंत होता. तो कॅमेरावाला सुस्त आहे, सगळे गेले तरी त्याचं आवरत नाही.” कात्रीने मान न वळवता सांगितलं. “पूर्ण टेप तुला पाठवली होती मी. मंगळवारी सकाळी. तूच मागितली होतीस.”

तिने त्याच्याच यंत्रावर आपलं ईमेल उघडलं. मंगळवार, दहा वाजून सात मिनिटं. अकरा मिनिटांची टेप. न उघडलेली. मंगळवारी सकाळी तिने टेप मागितली होती आणि दुपारी सहा सेकंदांवर विनोद सुचला होता. एकदा विनोद सुचल्यावर टेप कोण बघतं?

कात्रीने ती लावली. नवव्या मिनिटाला तो माणूस उभा राहिला. हातात कागद होता.

“मला वरून सांगितलंय की असं सांगा, पाणी दिसायला गढूळ आहे, चवीला ठीक आहे. हे मी सांगणार नाही. मी स्वतः तपासलंय. पूर्वेच्या गल्ल्यांमध्ये मैलापाणी मिसळतंय. ते पाणी पिऊ नका. लहान मुलांना तर चुकूनही देऊ नका, उकळूनसुद्धा नको. मी हात जोडतो.”

आणि त्याने खरोखरच हात जोडले. मागून कुणीतरी माइक घेतला.

कात्रीने टेप थांबवली. पडद्यावर जोडलेले हात तसेच राहिले. पेन्सिलला वाटलं, कुणी फसवलं असतं तर किती बरं झालं असतं! पण कुणीच फसवलं नव्हतं. टेप तिच्याकडे आली होती, वेळेवर आली होती, आणि ती नऊ दिवस तिच्याकडेच पडून होती.

“किती वाजले?” तिने विचारलं.

“दोनला दहा कमी.”

*

निर्मातीबाईंना सगळे मॅडम म्हणायचे. त्या वाईट बाई नव्हत्या, हे आधी सांगायला हवं. त्यांनीच पेन्सिलला कारकुनीतून उचलून लेखणी हातात दिली होती. पूर्ण टेप त्यांनी दोनदा ऐकली. मग चष्मा काढून डोळे चोळले.

“अरे देवा,” त्या म्हणाल्या. आणि लगेच, “हे अजून कुणाला माहितीये?”

“मॅडम, आज सुरुवातीलाच घेऊ. दोन मिनिटं. टेप दाखवू आणि म्हणू, आमचं चुकलं, पाणी पिऊ नका.”

मॅडमनी वकिलांना फोन लावला. पेन्सिल समोर उभी राहून फक्त ‘हो’, ‘बरोबर’, ‘नाही, तसं नाही’ एवढंच ऐकत होती. फोन ठेवला तेव्हा मॅडमचा आवाज बदलला होता.

“ते म्हणतायत, आज नाही. दुरुस्ती झालीये असं खात्याचं लेखी पत्रक आहे. आपण लोकांना पाणी पिऊ नका म्हटलं, पळापळ झाली, कुणी चेंगरलं, तर कुणाच्या अंगावर येईल? आधी प्रयोगशाळेतून तपासून घेऊ. पुढच्या आठवड्यात नीट, व्यवस्थित करू.”

“पुढच्या आठवड्यात? मॅडम, लोक पाणी आज पितायत!”

“ओरडू नकोस. मला कळत नाहीये असं वाटतं तुला?” मॅडम उठून खिडकीशी गेल्या. “चॅनल हा कार्यक्रम बंद करायला निमित्तच शोधतंय. बावीस माणसं आहेत आपल्याकडे. आपण पडद्यावर उभं राहून सांगितलं की आम्ही न बघता एका माणसाची टर उडवली, तर संध्याकाळी कुलूप लागेल. मग पुढच्या आठवड्यात सांगायला तरी कोण उरेल?”

“तुमची मुलं तिकडे राहत असती तर?”

हे बोलायला नको होतं. मॅडमनी वळून तिच्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, “जा. मंचावर जायची वेळ झालीये तुझी.”

ती रंगभूषेच्या खोलीत गेली. निवेदक आरशासमोर मान वर करून बसला होता, गळ्याभोवती कागद खोचलेला. तिने भराभरा सगळं सांगितलं. त्याची ती प्रसिद्ध भुवई या वेळी उडाली नाही.

“बाप रे. बिचारा,” तो म्हणाला, आणि मनापासून म्हणाला. “मी भेटतो त्यांना. घरी जाऊन भेटतो. फुलं घेऊन जाऊ आपण.”

“फुलं नकोत रे. तू फक्त चार वाक्यं बोल. लोक तुझं ऐकतात.”

“मॅडम हो म्हणाल्या?”

तिने नकारार्थी मान हलवली.

“मग मी कसा बोलू? तू लिहिलेलं मी वाचतो, एवढंच माझं काम आहे.” त्याने आरशातूनच तिच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे घाबरलेले होते. “माझ्यावर चिडू नकोस गं. मला खरंच दुसरं काही येत नाही.”

ती बाहेर पडली. बोळात दिव्यांच्या पेट्यांवर बसून तिने तीन बातमीदारांना फोन केले. एकाने उचलला नाही. दुसरा म्हणाला, खात्याचं पत्रक आलंय, विषय संपलाय. तिसऱ्याने ‘चविष्टराव’ ऐकताच खो खो हसायला सुरुवात केली. “काय बाई आहेस तू! अजून पिळतेच आहेस त्याला?”

तिने फोन बंद केला. पुन्हा उघडला. अप्पांना लावला.

“अप्पा, चुकीच्या मजकुराचा फर्मा छपाईच्या यंत्रावर चढला आणि तुम्हाला कळलं, तर तुम्ही काय करायचात?”

“काय झालं?” अप्पांनी विचारलं. “तुम्ही आधी सांगा,” ती म्हणाली. मग ते म्हणाले, “करायचं काय असतं ते माहीत होतं. यंत्र थांबवायचं असतं. पण खरं सांगू? मी कधीच थांबवलं नाही. दोनदा थांबवायला हवं होतं. मालक काय म्हणेल, पाळी वाया जाईल, असलं मनात यायचं आणि तेवढ्यात छापून व्हायचं.” ते खाकरले. “तू रडतेयस का गं?”

“नाही,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

कात्रीच्या दारात जाऊन तिने विचारलं, “मंचामागच्या मोठ्या पडद्यावर टेप इथूनच लावता येते ना?”

कात्रीने तिच्याकडे मान वळवली. “कशाला म्हणून मी विचारत नाही,” तो म्हणाला. “विचारलं नाही तर मला माहीत नव्हतं असं सांगता येईल. तू हात वर केलास की लावतो.”

*

दोन पंचेचाळीसला ती माइक घेऊन मंचावर आली. सव्वाशे मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुढच्या रांगेत तिनेच निवडलेले, खदाखदा हसणारे. तिसऱ्या रांगेत ती मुलगी.

“आज विनोद नाही,” पेन्सिल म्हणाली.

मुलं हसली.

“खरंच नाही. मला एक गोष्ट सांगायचीये. आमचं चुकलंय.”

आणखी मोठं हसू. कुणीतरी शीळ घातली. ‘आता बोला!’चा निवेदक दर भागात एकदा तरी ‘आमचं चुकलं’ म्हणायचा आणि मग सगळ्यात खवट टोमणा यायचा. ते तिनेच लिहिलेलं होतं. मुलं त्या टोमण्याची वाट बघत होती.

“गेल्या गुरुवारी आपण ज्यांना चविष्टराव म्हटलं...”

नाव उच्चारताच सभागृह हशाने फुटलं. पाय आपटले, टाळ्या पडल्या. मागून कुणी ओरडलं, “मीठ कमी!” आणि सगळे पुन्हा हसले.

“ऐका! ते पाणी विषारी आहे. लोक दवाखान्यात आहेत. मी खरं सांगतेय रे!”

ती जितकी कळवळून बोलत होती तितकी मुलं हसत होती. काय नक्कल करते, असं त्यांना वाटत होतं. पुढच्या रांगेतला एक पोरगा डोळे पुसत होता. पेन्सिलचा आवाज फाटला, तर त्यावरही टाळी पडली. आठ वर्षं तिने याच लोकांना शिकवलं होतं की मंचावरून कुणी गंभीरपणे बोलू लागलं की समजा, आता गंमत आहे. ती सगळी शिकवणी आज तिच्यासमोर बसून हसत होती. असं वाटलं की माइक टाकावा, पळत सुटावं आणि पुन्हा कुणाला तोंड दाखवू नये.

तिने हात वर केला.

पडद्यावर तो माणूस आला. चार केस, वरची गुंडी लावलेली. हास्याचा लोट उठला. “पाणी दिसायला गढूळ आहे, चवीला ठीक आहे,” तो म्हणाला आणि मुलांनी त्याच्याबरोबर कोरसात ते वाक्य म्हटलं. त्यापुढचं सगळं त्या गोंगाटात बुडालं. हात जोडलेले दिसले, तर त्यालाही हशा.

“पुन्हा लाव!” पेन्सिल किंचाळली.

कात्रीने पुन्हा लावली. पुन्हा कोरस, पण या वेळी थोडा फुटका. काही जण शेजाऱ्याकडे बघू लागले. पुढचे शब्द तुटक तुटक ऐकू आले. मैलापाणी. लहान मुलांना.

“पुन्हा!”

तिसऱ्या वेळी मागच्या एका कोपऱ्यातून तेवढं हसू आलं आणि तेही अर्ध्यात थांबलं. “ते पाणी पिऊ नका,” पडद्यावरचा माणूस म्हणाला. “लहान मुलांना तर चुकूनही देऊ नका, उकळूनसुद्धा नको. मी हात जोडतो.”

आता कुणीच हसलं नाही. दिव्यांच्या पंख्यांची घरघर ऐकू येत होती. पुढच्या रांगेतला तो डोळे पुसणारा पोरगा हळूच उभा राहिला.

“ताई, हे खरं आहे?”

“खरं आहे.”

“माझी मावशी राहते तिकडे. तिला लहान बाळ आहे.”

“मग इथे काय उभा आहेस?” पेन्सिल म्हणाली. “जा. फोन कर तिला.”

पोरगा बाकांवरून उड्या मारत दाराकडे धावला. त्याच्यामागे दुसरी, तिसरा, मग सगळेच. बाहेर मोबाईलच्या टेबलावर अशी झुंबड उडाली की पहारेकरी भिंतीला चिकटला. कुणी घरी फोन लावत होतं, कुणी मित्राला. कुणी आत परत येऊन पडद्याचं चित्रीकरण करत होतं, कारण कात्रीने टेप थांबवलीच नव्हती. ती पुन्हा पुन्हा लागत होती. त्या गर्दीत ती मुलगी एकटीच आपल्या जागेवर बसून वर बापाकडे बघत होती, आणि आता मात्र ती रडत होती.

मॅडम दारात येऊन उभ्या राहिल्या. त्या ओरडल्या नाहीत. रिकाम्या बाकांकडे बघत एवढंच म्हणाल्या, “संपवलंस.”

*

त्या संध्याकाळी सात वाजता ‘आता बोला!’चा जुना भाग लागला. पण तोवर मुलांनी केलेलं चित्रीकरण गल्लोगल्ली पोचलं होतं. पूर्व भागात लोकांनी खात्याच्या कचेरीला वेढा घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी नळ बंद झाले, टँकर आले, रस्ता खणला, आणि फुटलेली वाहिनी सापडली. त्या माणसाने सांगितली होती तिथेच.

दवाखान्यातला आकडा एकशे चाळीसवर जाऊन थांबला. दोघं वाचली नाहीत. एक म्हातारे गृहस्थ, आणि एक चार वर्षांची मुलगी. ती मुलगी गेली मंगळवारी; पेन्सिल मंचावर उभी राहिली त्याच्या दोन दिवस आधी. पेन्सिलने ही तारीख पेपरात वाचली आणि पुढचे कितीतरी दिवस तिच्या डोक्यात एकच हिशेब चालू राहिला: टेप आली मंगळवारी, ती गेली मंगळवारी. मधे सात दिवस.

चॅनलने कार्यक्रम बंद केला. निवेदक एका गाण्यांच्या स्पर्धेत लागला. कात्रीची बदली खेळांच्या विभागात झाली. मॅडमनी पेन्सिलचा फोन पुन्हा कधी उचलला नाही. तिला काढून टाकल्याचं पत्र घरी आलं, ते अप्पांनी वाचलं आणि घडी करून परत पाकिटात घातलं.

अभियंत्याला पाच महिन्यांनी परत घेतलं, पण गोदामात बसवलं. पेन्सिल त्याच्या घरी गेली तेव्हा मुलीने दार उघडलं. त्याने तिला पाणी दिलं, खुर्ची दिली. तिने पाठ करून आणलेलं सगळं तो मान खाली घालून ऐकत राहिला.

“तुमच्यावर माझा राग होता,” तो शेवटी म्हणाला. “खोटं कशाला बोलू? अजूनही थोडा आहे. पण रात्री मला झोप लागत नाही ती त्यामुळे नाही. त्या लहान मुलीच्या दारात मी गेलो होतो. शनिवारी. तिचा काका हसला, म्हणाला, चला निघा. आणि मी निघालो.” त्याने दोन्ही हातांनी गुडघे घट्ट धरले. “आणखी एकदा दार वाजवायला हवं होतं. मला लाज वाटली हो. आपल्याला हसतायत याची लाज वाटली.”

निघताना पेन्सिलने त्या घराचा पत्ता विचारला. त्याने तो एका कागदावर लिहून दिला. “मी अजून गेलेलो नाही,” तो म्हणाला.

घर गल्लीच्या टोकाला होतं. तळमजल्यावर एकच खोली, उंबऱ्याबाहेर नळ. एक बाई, पेन्सिलपेक्षा लहानच, नळाखाली पिंप लावून बसली होती. पेन्सिलने आपण कोण ते सांगितलं. कार्यक्रमाचं नाव सांगितलं, विनोद सांगितला, टेप सांगितली. मंगळवार सांगितला. काहीच वगळलं नाही.

बाई ऐकत होती, पण तिच्या चेहऱ्यावर ओळखीचं काही उमटत नव्हतं.

“कुठला कार्यक्रम?” तिने विचारलं. “आमच्याकडे टीव्ही नाही.”

पेन्सिलने पत्त्याचा कागद घडी करून मुठीत धरला.

“पण ते बाटल्यावाले आले होते, ते आठवतं,” बाई म्हणाली. “दीर बाहेर होते. मी आत तिला जेवू घालत होते. बाहेर हसायचा आवाज आला. काय बोलले ते नाही ऐकू आलं, नुसतं हसणं आलं. तिने मला विचारलं, आई, बाहेर कोण हसतंय? मी म्हटलं, असेल कुणीतरी गमतीदार माणूस.”

पिंप भरून वाहू लागलं. बाईने ते सरकवलं आणि दुसरी घागर लावली. पाणी स्वच्छ होतं. तरीही तिने ओंजळीत घेऊन ते उजेडात धरून पाहिलं आणि मगच घागर भरू दिली.

“मग आज का आलात?” तिने विचारलं. आवाजात राग नव्हता. तिला खरंच कळत नव्हतं.

“माहीत नाही,” पेन्सिल म्हणाली.

बाईने तिच्याकडे पाहिलं, मग घागरीकडे. “पाणी तासभरच असतं,” ती म्हणाली. “मला अजून चार भांडी भरायची आहेत. थांबायचं तर थांबा.”

पेन्सिल उंबऱ्याशी थांबली. थोड्या वेळाने तिने भरलेलं पिंप दुसऱ्या बाजूने धरलं, आणि दोघींनी मिळून ते आत नेलं.